वास गोड, चव ड्राय : अल्सासची जाँती वाइन समजून घेताना

पेला नाकाजवळ नेला की गुलाब आणि लिचीचा दाट वास येतो. घोट घेतला की मात्र जिभेला साखर लागत नाही. उलट तोंडाला पाणी सुटेल असा आंबटपणा जाणवतो. फ्रान्सच्या पूर्व टोकाला, जर्मनीच्या सीमेलगत असलेल्या अल्सास प्रांतातली 'जाँती' ही पांढरी वाइन पहिल्यांदा पिणारा इथे गोंधळतो. बाटलीवर 'ड्राय', म्हणजे गोडी नसलेली, असं लिहिलेलं असतं, नाक सांगतं गोड, आणि जीभ सांगते आंबट. खरं कोणाचं मानायचं?

दुसरा गोंधळ लेबल वाचताना होतो. अल्सासच्या बहुतेक बाटल्यांवर द्राक्षाच्या एकाच वाणाचं नाव असतं : रीस्लिंग, पिनो ग्री, गेवुर्त्सट्रामिनर. जाँतीवर तसं एक नाव नसतं, कारण ती अनेक वाणांच्या वाइन एकत्र करून बनते. मग मनात येतं की चांगला माल स्वतंत्र बाटल्यांत गेला असेल आणि उरलंसुरलं इथे ओतलं असेल. हा समज मला फार खटकतो, कारण जाँतीचे नियम वाचले तर चित्र जवळजवळ उलटं दिसतं. पण त्या नियमांचा अर्थ कळायला आधी दोन गोष्टी नीट समजाव्या लागतात : वाइन ड्राय कशी होते, आणि अल्सासमध्ये इतके वाण आले कुठून.

साखर जाते कुठे

पिकलेल्या द्राक्षाच्या रसात मुख्यतः दोन साखरी असतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. रसात यीस्ट वाढू लागलं की ते या साखरी खातं आणि त्यांतून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हिशेब साधा आहे : लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखर खर्ची पडली की वाइनमध्ये 1 टक्का अल्कोहोल येतं. म्हणजे रसात लिटरमागे 210 ग्रॅम साखर असेल आणि यीस्टने ती सगळी संपवली, तर साधारण साडेबारा टक्के अल्कोहोलची वाइन मिळते आणि गोडी शिल्लक राहत नाही. हीच ड्राय वाइन. यीस्टचं काम मध्येच थांबलं, किंवा मुद्दाम थांबवलं, तर उरलेली साखर वाइनमध्ये राहते आणि ती गोडसर लागते.

यीस्ट थांबण्याची कारणं बरीच. टाकी फार थंड झाली, गंधकाची मात्रा दिली, अल्कोहोल इतकं वाढलं की यीस्टलाच ते सोसेना, किंवा रसात यीस्टला लागणारं नत्र कमी पडलं. यात एक बारीक गंमत आहे. बहुतेक यीस्ट आधी ग्लुकोज फस्त करतं आणि फ्रुक्टोजकडे नंतर वळतं. त्यामुळे काम अर्धवट राहिलं तर मागे उरतं ते मुख्यतः फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोज जिभेला ग्लुकोजपेक्षा बरंच जास्त गोड लागतं. म्हणून शेवटचे काही ग्रॅम महत्त्वाचे. ड्राय वाइन करणाऱ्याला आंबवणं शेवटपर्यंत नेटाने न्यावं लागतं. नुसतं 'आता पुरे' म्हणून सोडून देता येत नाही.

कायद्यानेही ड्रायची व्याख्या केली आहे. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर असलेली साधी, म्हणजे बुडबुडे नसलेली वाइन ड्राय म्हणवता येते. वाइनमध्ये आम्ल भरपूर असेल तर ही मर्यादा 9 ग्रॅमपर्यंत वाढते. अट एवढीच की आम्लाचं प्रमाण साखरेपेक्षा 2 ग्रॅमहून अधिक कमी असू नये. साखर 8 ग्रॅम असेल तर आम्ल किमान 6 ग्रॅम हवं. वरवर पाहता ही सवलत वाटते, पण तिच्यामागे जिभेचा अनुभव आहे. आंबटपणा गोडी झाकतो. 7 ग्रॅम साखरेची धारदार रीस्लिंग ही 4 ग्रॅम साखरेच्या मऊ, कमी आम्लाच्या गेवुर्त्सट्रामिनरपेक्षा जास्त ड्राय वाटू शकते.

अल्सासला या प्रश्नाने खूप छळलं. एकाच गावातल्या, एकाच वाणाच्या दोन बाटल्यांपैकी एक खणखणीत ड्राय आणि दुसरी चांगलीच गोड निघायची, आणि बूच उघडेपर्यंत गिऱ्हाइकाला काही कळायचं नाही. जेवणाबरोबर पिण्यासाठी वाइन निवडणाऱ्याची यात फसगतच व्हायची. अखेर 2021 च्या हंगामापासून अल्सासच्या साध्या पांढऱ्या वाइनवर गोडीचा दर्जा लिहिणं बंधनकारक झालं : सेक म्हणजे ड्राय, मग दमी-सेक, मोएल्यू आणि सगळ्यात गोड ती दू. लेबलवरचे हे छोटे शब्द मी बाटली हातात घेतल्यावर सगळ्यात आधी शोधते, वाण आणि गाव नंतर.

आता वासाकडे. साखरेला स्वतःला वास नसतो. गुलाबाचा, लिचीचा, पिकलेल्या फळाचा वास येतो तो हवेत उडणाऱ्या सुगंधी रेणूंमुळे, आणि या रेणूंचा साखरेशी काही संबंध नाही. गेवुर्त्सट्रामिनरच्या वासात 'सिस-रोज ऑक्साइड' नावाचा एक रेणू मोठं काम करतो. हाच रेणू लिचीच्या फळातही आहे. म्हणून त्या वाइनला लिचीचा वास येतो असं आपण म्हणतो तेव्हा ती कविकल्पना नसते, नाकाने अचूक ओळखलेलं असतं. मस्कॅट द्राक्षात लिनालूल, जिरॅनिऑल असे फुलांच्या वासाचे रेणू भरपूर असतात. आपण आयुष्यभर हे वास गोड फळांबरोबरच अनुभवलेले असतात, त्यामुळे मेंदू वासावरूनच गोडी गृहीत धरतो. शंका आली तर नाक चिमटीत धरून घोट घ्यावा. खरी साखर असेल तर जीभ तिची नोंद तेव्हाही देते. गोडी गायब झाली तर ती वासाची होती.

डोंगराआड लपलेला पट्टा

अल्सासच्या पश्चिमेला व्होज पर्वताची रांग उभी आहे. तिचं सर्वात उंच शिखर 1424 मीटरचं. अटलांटिककडून येणारे ढग पश्चिमेच्या उतारावर बरसून मोकळे होतात आणि पूर्वेच्या पायथ्याशी येईपर्यंत रिकामे झालेले असतात. कोलमार हे इथलं शहर फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक आहे. इतक्या उत्तरेला द्राक्ष नीट पिकणं अवघड, पण या पर्जन्यछायेमुळे इथला शरद ऋतू लांब, उन्हाचा आणि कोरडा असतो. द्राक्षं सावकाश पिकतात. साखर वाढत जाते, सुगंध जमत जातो, आणि रात्री थंड असल्याने आम्ल पटकन ओसरत नाही. पांढऱ्या ड्राय वाइनला याहून चांगली परिस्थिती मिळणं कठीण. अल्सासची सुमारे 90 टक्के वाइन पांढरी आहे ती याचमुळे.

जमिनीची गोष्ट याहून जुनी आहे. व्होज आणि ऱ्हाइनपलीकडचं ब्लॅक फॉरेस्ट हे कधीकाळी एकच डोंगराळ प्रदेश होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी मधला भाग खचला, तिथे ऱ्हाइनचं खोरं झालं, आणि खचताना कडेचे थर तुटून, सरकून, उलटेपालटे होऊन बसले. त्यामुळे इथे ग्रॅनाइट, चुनखडी, वालुकाश्म, चिकणमाती, जिप्समयुक्त मार्ल (चुना मिसळलेली चिकणमाती) अशा जमिनी अगदी जवळजवळ सापडतात. रिकवीर गावाचंच पाहा. गावाच्या वरच्या चढावर शोएनेनबुर्ग नावाचा मळा आहे, मार्ल आणि जिप्समचा. तो रीस्लिंगसाठी प्रसिद्ध. त्याच गावाला लागून श्पोरेन आहे, खोल चिकणमातीचा, आणि तिथे गेवुर्त्सट्रामिनर आणि पिनो ग्री खुलतात. थोडं अंतर चाललं की द्राक्षाला वेगळी जमीन लागते. एकाच वाणावर सगळा प्रांत चालवणं इथल्या शेतकऱ्याला कधी सोयीचं नव्हतं.

या वाणांची ओळख करून घेतली की मिश्रणाचं गणित समजतं. रीस्लिंग उशिरा पिकतं, त्यात आम्ल भरपूर, वास लिंबाचा, कधी ओल्या दगडाचा. पिनो ग्रीची साल करडी-गुलाबी असते, वाइन तोंड भरून टाकणारी, जराशी धुरकट. गेवुर्त्सट्रामिनरची सालही गुलाबी. वास प्रचंड, साखर जास्त, आम्ल कमी. मस्कॅटची वाइन ताज्या द्राक्षासारखीच वास देते, आणि वाइनच्या जगात असं क्वचित घडतं. या चौघांना अल्सासमध्ये 'उच्च' वाण मानतात. उरले सिल्वानर, पिनो ब्लाँ आणि शासला. यांची कीर्ती कमी, आवाज हळू, पण सिल्वानरचा ताजेपणा आणि पिनो ब्लाँचा गोलाई देणारा मऊपणा यांशिवाय चांगली जाँती उभी राहत नाही, हे माझं ठाम मत आहे.

मिश्रणाला नियम कशाला

पूर्वी अल्सासच्या मळ्यांत वेगवेगळे वाण एकाच ओळीत मिसळून लावलेले असत आणि एकत्रच काढले जात. शेतकऱ्याच्या दृष्टीने यात शहाणपण होतं : कळ्यांच्या वेळी थंडी पडली, एक वाण गेला, तरी दुसरा हाती लागायचा. पुढे राजकारणाने खेळ बिघडवला. 1871 मध्ये अल्सास जर्मन साम्राज्यात गेलं आणि 1918 पर्यंत तिथेच राहिलं. त्या काळात इथल्या वाइनला स्वतःचं नाव फारसं उरलं नाही. भरपूर पिकवा आणि स्वस्त वाइन ढोबळ मालासारखी विका, असा व्यवहार रुजला. पहिल्या महायुद्धानंतर अल्सास फ्रान्सकडे परतलं तेव्हा इथल्या जाणत्या बागायतदारांनी उलट दिशा धरली. हलके संकरित वाण उपटून चांगले वाण लावायचे, प्रत्येकाची वाइन स्वतंत्र करायची आणि त्याचं नाव लेबलवर अभिमानाने लिहायचं. 1962 मध्ये अल्सासला एओसी, म्हणजे प्रदेशाच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. 1972 पासून तर अल्सासची वाइन अल्सासमध्येच, तीही उंच सडपातळ बाटलीत भरायचा नियम झाला. ढोबळ माल म्हणून पिंपांतून बाहेर पाठवायची वाट बंद.

या सुधारणेने अल्सासची पत वाढली, पण मिश्र वाइनची पत घटली. एका वाणाचं नाव लेबलवर लिहायचं तर अल्सासमध्ये बाटलीत संपूर्ण तोच वाण लागतो. युरोपच्या सर्वसाधारण नियमात 85 टक्के चालतात. जिथे शुद्धतेचा एवढा आग्रह, तिथे मिश्रणाकडे संशयाने पाहिलं जाणं साहजिक होतं. मिश्र वाइन 'एडेलत्स्विकर' या नावाने उरली. तिच्यात कोणते पांढरे वाण किती घ्यायचे यावर बंधन नाही, ते एकत्र आंबवा किंवा वेगळे, वर्ष लिहा किंवा लिहू नका. स्ट्रासबुर्गच्या 'विन्श्टुब'मध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या घरगुती वाइनखान्यांत, ती सुरईतून येते आणि रोजच्या जेवणाबरोबर आनंदाने प्यायली जाते. तिची ती जागा चांगलीच आहे. पण तिच्यावरून सगळ्या मिश्रणांचा न्याय करणं चूक आहे.

जाँती याच पार्श्वभूमीवर समजून घ्यायला हवी. उंची वाणांचं मिश्रण हा अल्सासचा जुना प्रकार, आणि त्याला आता कडक चौकट आहे. किमान 50 टक्के भाग रीस्लिंग, मस्कॅट, पिनो ग्री आणि गेवुर्त्सट्रामिनर यांपैकी वाणांचा हवा. उरलेला सिल्वानर, शासला किंवा पिनो ब्लाँचा. प्रत्येक वाण वेगळा आंबवायचा. आणि सर्वांत महत्त्वाचं : एकत्र करण्याआधी त्यांतली प्रत्येक वाइन स्वतंत्रपणे एओसी अल्सास म्हणून पात्र ठरलेली असली पाहिजे. म्हणजे जाँतीत पडणारी रीस्लिंग ही रीस्लिंग म्हणून विकता आली असती, सिल्वानर सिल्वानर म्हणून. ज्यांना स्वतःच्या पायावर उभं राहता येतं अशाच वाइन इथे एकत्र येतात. म्हणून 'उरलंसुरलं' हा शब्द जाँतीला लावताच येत नाही.

मिश्रण प्रत्यक्षात कसं होतं ते सांगते. हिवाळ्यात टाक्या आणि पिंपांतल्या वाइन निवळून गाळ तळाशी बसतो. मग तळघराचा प्रमुख प्रत्येकीचा नमुना काढतो आणि मोजपात्रात छोटी छोटी मिश्रणं करून चाखतो. इथे बेरीज-वजाबाकी चालत नाही. गेवुर्त्सट्रामिनरचं प्रमाण जरा वाढलं की बाकी सगळे गप्प होतात. तिचा वास इतका जबर असतो की ती थोडकी असूनही सगळी बाटली तिचीच वाटू लागते. रीस्लिंग जास्त झाली तर वाइन काटेरी होते. मस्कॅट चिमूटभर पुरते. पिनो ग्री मधला पोकळपणा भरून काढते, पण तिचा हात जड पडला तर वाइन सुस्त होते. गायनात तंबोरा जसा स्वतः पुढे न येता प्रत्येक सुराला जागा करून देतो, तसं काम सिल्वानर आणि पिनो ब्लाँ करतात. त्यांच्या शांत पार्श्वभूमीवर बाकीचे वाण स्पष्ट ऐकू येतात. ते काढून टाकले आणि फक्त चार उच्च वाण एकत्र केले, तर कागदावर वाइन अधिक श्रीमंत दिसेल आणि पेल्यात गोंगाट होईल.

यात ड्रायपणाचाही प्रश्न सुटतो. गेवुर्त्सट्रामिनरमध्ये साखर जास्त असल्याने ती पूर्ण ड्राय करायची तर अल्कोहोल चढतं आणि आम्ल कमी असल्याने वाइन जड लागते. तिला एकटीला ड्राय आणि तरतरीत करणं अवघड काम आहे. तिच्या शेजारी रीस्लिंगचं आम्ल आणि सिल्वानरचा हलकेपणा आला की तिचा सुगंध तसाच राहतो आणि जडपणा उतरतो. एका वाणाला जे जमत नाही ते मिश्रणाला जमतं, आणि मिश्रण करण्याचं खरं कारण हे आहे.

घराणं कशासाठी लागतं

जाँतीचं नाव घेतलं की बहुतेक वेळा रिकवीरच्या ह्युगेल घराण्याचं नाव येतं. 1639 मध्ये, तीस वर्षांच्या युद्धाने अल्सास उजाड झालेलं असताना, हान्स उलरिख ह्युगेल या गावचा नागरिक झाला, आणि तेव्हापासून हे घराणं द्राक्षात आहे. त्यांच्या तळघरात 1715 चं 'सेंट कॅथरीन' नावाचं ओकचं मोठं पिंप आजही वापरात आहे. 1984 मध्ये अल्सासच्या उशिरा काढलेल्या गोड वाइनसाठी जो कायदा झाला, त्याच्या मसुद्यामागे याच घरच्या जाँ ह्युगेल यांचा मोठा हात होता. गोड वाइनला कडक नियम हवेत यासाठी झटलेल्या घराण्याने रोजच्या जेवणाची ड्राय मिश्र वाइनही तितक्याच गांभीर्याने पुन्हा पुढे आणली, हे मला त्यांच्याबद्दल विशेष वाटतं. शेजारच्या रिबोव्हिले गावातलं ट्रिंबाख घराणं 1626 पासूनचं. तेही आपल्या करकरीत ड्राय शैलीसाठी ओळखलं जातं.

पण वय म्हणजे गुणवत्ता नव्हे, आणि बाटलीवर जुनं साल छापलेलं पाहून कोणी दिपून जाऊ नये. प्रश्न विचारायला हवा तो हा : जुन्या घराण्याकडे असं काय असतं ज्याचा मिश्र वाइनला उपयोग होतो? माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पुरवठ्याचं जाळं. स्वतःच्या मळ्यांखेरीज ह्युगेल आसपासच्या बागायतदारांकडून करारावर द्राक्षं घेतात. मिश्रण करणाऱ्याला निवडीला वाव लागतो : या वर्षी एका गावातला सिल्वानर बिघडला तर दुसऱ्या गावचा हाताशी हवा. एका छोट्या मळ्याच्या जोरावर सहा-सात वाणांचा तोल दरवर्षी साधणं जवळजवळ अशक्य. आणि बागायतदारांशी असं नातं एका हंगामात जुळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चवीची आठवण. जाँतीचं ठरलेलं प्रमाण नसतं. दरवर्षी हवामानाप्रमाणे ते बदलतं. तरीही गिऱ्हाइकाला ओळखीची वाइन मिळायला हवी. म्हणजे प्रमाण बदलून चव राखायची. त्यासाठी कोणत्या उतारावरची द्राक्षं उष्ण वर्षी कशी वागतात, कोणती वाइन मार्चमध्ये मुकी वाटते आणि सप्टेंबरमध्ये बोलू लागते, हे माहीत असणारी माणसं लागतात. वडिलांबरोबर, काकांबरोबर त्याच टेबलाशी बसून चाखत वाढलेल्या माणसाला हे सहज येतं. बाहेरच्यालाही शिकता येतं, फक्त वेळ जास्त लागतो.

या घराण्यांनी काय सोसलंय तेही लक्षात ठेवावं. 1871, 1918, 1940 आणि 1945, एवढ्या वेळा या गावांचा देश बदलला. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन-तीनदा कायदे, चलन आणि बाजारपेठ बदलली. 1944-45 च्या हिवाळ्यात कोलमारभोवतीच्या लढाईत बेनवीर, सिगोल्सहाइम, आमरश्वीर ही शेजारची गावं जवळपास जमीनदोस्त झाली. रिकवीर वाचलं. आज त्याच्या सोळाव्या शतकातल्या लाकडी चौकटींच्या घरांसमोर पर्यटक फोटो काढतात, पण ते अखंड उभं आहे यात नशिबाचा वाटा मोठा आहे.

मिश्रणाची दुसरी वाटही अल्सासमध्ये जिवंत आहे आणि तिचा उल्लेख टाळणं अन्यायाचं होईल. बेर्गहाइम गावातल्या मार्सेल डाइस या घराण्याच्या मळ्यांत वाण पुन्हा जुन्या पद्धतीने मिसळून लावले आहेत. एकत्र काढायचे, एकत्र दाबायचे, एकत्र आंबवायचे. त्यांचं म्हणणं असं की वाण महत्त्वाचा नाही, जमीन बोलली पाहिजे. त्यांनी यासाठी मोठा वाद ओढवून घेतला, आणि 2005 पासून आल्टनबेर्ग द बेर्गहाइम या ग्राँ क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या मळ्यात मिश्र वाइनला मान्यता मिळाली. जाँतीची पद्धत याच्या अगदी उलट : आधी प्रत्येकाला वेगळं घडवायचं, मग माणसाने चाखून एकत्र आणायचं. एका वाटेवर निर्णय लागवडीच्या दिवशीच होतो, दुसऱ्या वाटेवर तळघरात. मला दोन्ही प्रामाणिक वाटतात. फक्त पहिल्या वाटेची वाइन समजायला आधी थोडी ओळख लागते, जाँतीला लागत नाही.

पेल्यात

जाँती फार थंड करू नये. फ्रिजमधून थेट काढलेल्या वाइनचा वास दबलेला असतो आणि आम्ल तेवढं टोचतं. साधारण 8 ते 10 अंश सेल्सिअस बरोबर. पेला भरताना अर्ध्याच्या खाली थांबावं, म्हणजे वासाला वर जागा राहते. पहिल्यांदा नाकात शिरते ती गेवुर्त्सट्रामिनर आणि मस्कॅटची जोडी. मग घोट घेतल्यावर जिभेच्या कडांना रीस्लिंगचं आम्ल कळतं, तोंडाच्या मध्यभागी पिनो ग्रीचा भरीवपणा. पेला थोडा कोमट होऊ दिला तर हे थर अधिक सुटे होतात.

अल्सासच्या टेबलावर मिश्र वाइन का टिकली, हे तिथलं जेवण पाहिलं की कळतं. आंबवलेला कोबी आणि डुकराचं मांस घातलेला शुक्रूत, साय आणि कांदा पसरून भाजलेली पातळ तार्त फ्लांबे, तीव्र वासाचं मुन्स्टर चीज, असं सगळं एकाच जेवणात येऊ शकतं. आंबट कोबीला आम्ल लागतं, सायीला ताजेपणा, मुन्स्टरच्या वासापुढे टिकायला तितकाच बोलका सुगंध. एका वाणाची वाइन यांतल्या एखाद्या पदार्थाशी उत्तम जुळेल आणि दुसऱ्यापुढे हात टेकेल. जाँती कोणत्याच पदार्थाशी सर्वोत्तम जुळणार नाही, पण सगळ्यांबरोबर चांगली जाईल, आणि चौघांच्या जेवणात एकच बाटली उघडायची असेल तर हाच गुण कामाला येतो.

ती साठवून ठेवायची वाइन नाही. शोएनेनबुर्गची चांगली रीस्लिंग वीस वर्षं तळघरात राहून सुधारते. जाँतीचं आकर्षण तिच्या ताज्या सुगंधात आहे आणि तो हळूहळू ओसरतो. काढणीच्या वर्षानंतर दोन-चार वर्षांत प्यावी. लेबलवरचं साल पाहून घ्यायचं ते याचसाठी.

गेल्या काही दशकांत अल्सासमध्ये काढणी लवकर होऊ लागली आहे. उन्हाळे तापतात, साखर भराभर चढते, आम्ल आधीपेक्षा लवकर उतरतं. ड्राय वाइन करणाऱ्याला याचा दुहेरी फटका बसतो : सगळी साखर आंबवली तर अल्कोहोल जास्त, आणि झाकायला आम्ल कमी. एकाच वाणाची वाइन करणाऱ्याच्या हाती अशा वर्षी फार काही नसतं; तो काढणीचा दिवस अलीकडे आणू शकतो, उंचावरचा मळा शोधू शकतो. मिश्रण करणाऱ्याकडे आणखी एक उपाय असतो. उष्ण वर्षी तो रीस्लिंग आणि सिल्वानरचा हात सैल सोडतो, गेवुर्त्सट्रामिनरचा आखडता घेतो. थंड वर्षी उलट. शिवाय निम्मा वाटा उच्च वाणांचा ठेवण्याची अट पाळूनही त्या चौघांमध्ये आणि उरलेल्या तिघांमध्ये कोणाला किती घ्यायचं, याची मोकळीक त्याला दरवर्षी नव्याने मिळते.